कुपीतील गोडवा

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, एडिसन येथील एका घरी ऑगस्टच्या आरंभी टपालाने एक लहानसे खोके आले. त्यात बोटाएवढी काचेची कुपी होती आणि कुपीत ८ मिलीलिटर सुगंधी द्रव्य. घरातील नोकरदार लेकीने सुगंधाच्या नमुन्यांची मासिक वर्गणी भरली होती. दरमहा एक नवा सुगंध घरी यावा, महिनाभर तो वापरून पाहावा, आवडला तर मोठी बाटली घ्यावी, न आवडला तर पुढील महिन्यात दुसरा मागवावा, अशी ती योजना. या खेपेस तिने व्हॅनिलाचा गोड सुगंध निवडला होता.

सांगलीहून सहा महिन्यांसाठी लेकीकडे आलेली आई तेव्हा स्वयंपाकघरात होती. लेकीने मनगटावर एक फवारा मारला आणि हात आईपुढे धरला. "आई, ओळख बघू, कशाचा वास आहे?"

आईने डोळे मिटून श्वास घेतला. "कस्टर्डचा. तुझ्या वाढदिवसाला करायचे ना मी, तोच. पण अंगाला खाण्याचा वास कशाला लावायचा गं?" मग थोडे थांबून तिने विचारले, "आणि यात काय काय घातलंय, ते वाचलंस का?"

पहिला प्रश्न रुचीचा होता, दुसरा विवेकाचा. लेकीजवळ दोन्हींची उत्तरे नव्हती. कुपीवर सुगंधाचे नाव आणि बारीक अक्षरांतील काही शब्द, एवढेच छापलेले होते. पुढचा महिनाभर मायलेकींनी त्या कुपीचा जो मागोवा घेतला, तो सुगंध वापरणाऱ्या कोणत्याही घराला उपयोगी पडावा असा आहे.

गोड वास म्हणजे काय?

गोड ही चव आहे आणि ती जिभेला कळते. तरीही व्हॅनिलाचा वास आपण सहजपणे 'गोड' म्हणतो. वस्तुतः केकमध्ये घालण्याचा व्हॅनिला अर्क जिभेवर घेतला तर तो कडवट लागतो. लहानपणी लपूनछपून तो चाखलेल्या मुलांची निराशा पुष्कळांना आठवत असेल. आइस्क्रीम, कस्टर्ड, बिस्किटे, केक अशा साखरेच्या पदार्थांबरोबर हा वास वारंवार येतो आणि नाक तो गोडाशी जोडून टाकते. मराठी घरात गोडाचा वास म्हणजे मूळचा वेलची, जायफळ आणि केशराचा. श्रीखंड, बासुंदी आणि पुरण यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या जपला. व्हॅनिला त्यामानाने नवा पाहुणा. कस्टर्डच्या पावडरीबरोबर आणि आइस्क्रीमच्या कपाबरोबर तो आपल्याकडे रुळला. म्हणून सांगलीच्या आईला त्या परदेशी कुपीत लेकीचा वाढदिवस आठवला, यात नवल नाही.

मात्र ही केवळ सवयीची गोष्ट नसावी. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात जगातील परस्परांहून अगदी भिन्न जीवन जगणाऱ्या समाजांतील लोकांना दहा वास हुंगायला देऊन त्यांचा आवडीनुसार क्रम लावण्यास सांगितले होते. त्यात व्हॅनिलाच्या वासाचे मुख्य द्रव्य व्हॅनिलिन हे सर्वांत आवडते ठरले. जंगलात शिकार करून राहणारा आणि महानगरात राहणारा, दोघांच्याही नाकाला ते सुखावते.

वेलीपासून कुपीपर्यंत

व्हॅनिला ही ऑर्किड कुळातील वेल आहे. तिचे मूळ स्थान मेक्सिको आणि मध्य अमेरिका. मेक्सिकोतील पापांतला परिसरात राहणाऱ्या टोटोनाक लोकांनी तिची जोपासना केली. पुढे अॅझ्टेक लोक तिची शेंग कोकोच्या पेयात घालू लागले. स्पॅनिश लोकांनी तिला 'लहान शेंग' या अर्थाचे नाव दिले, तेच आज जगभर रूढ आहे. युरोपीयांनी ही वेल आपल्या वसाहतींत नेली. वेल वाढली, फुलली, पण शेंगा धरेनात. मूळ प्रदेशाबाहेर तिचे परागीभवन करणारे कीटक नव्हते आणि फूल तर एकाच दिवसाचे. सकाळी उमलते आणि दिवस कलेपर्यंत कोमेजते.

हे कोडे सोडवले ते एका बारा वर्षांच्या गुलाम मुलाने. हिंदी महासागरातील रियुनियन बेटावर, ज्याला तेव्हा बूर्बों म्हणत, १८४१ साली एडमंड नावाच्या मुलाने बारीक काडीने फुलातील पातळ पडदा उचलून अंगठ्याने पराग जागेवर दाबला. काही क्षणांचे ते काम. आजही जगभर व्हॅनिलाचे बहुतेक प्रत्येक फूल याच रीतीने, माणसाच्या हाताने फळवले जाते. १८४८ मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा एडमंडला स्वातंत्र्य आणि 'आल्बियस' हे आडनाव मिळाले. ज्या शोधावर मळेवाले श्रीमंत झाले त्याचा लाभ मात्र त्याला मिळाला नाही. १८८० मध्ये तो दारिद्र्यातच मरण पावला.

शेंग तयार होण्यास सुमारे नऊ महिने लागतात आणि गंमत अशी, की वेलीवरच्या हिरव्या शेंगेला तो प्रसिद्ध वास नसतोच. शेंगा गरम पाण्यात बुडवून काढतात, कापडात गुंडाळून उबवतात, दिवसा उन्हात वाळवतात आणि मग पेट्यांत मुरवतात. या कित्येक महिन्यांच्या मेहनतीत शेंगेतील व्हॅनिलिन मोकळे होते. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांपासून जेमतेम एक किलो तयार व्हॅनिला मिळतो. आज सर्वाधिक उत्पादन मादागास्करमध्ये होते. तेथे चक्रीवादळ आले की जगभर भाव भडकतात. या शतकाच्या आरंभी असेच भाव चढले, तेव्हा कर्नाटक आणि केरळमधील अनेक शेतकऱ्यांनी सुपारी-कॉफीच्या बागांत व्हॅनिलाच्या वेली चढवल्या. थोड्याच वर्षांत भाव कोसळले आणि कित्येकांनी त्या वेली तशाच सोडून दिल्या. सुगंधाच्या मागे अशी माणसांची आशा आणि निराशाही दरवळत असते.

मग ८ मिलीलिटरच्या स्वस्त नमुन्यात ही महाग शेंग असते का? बहुधा नसते. १८५८ मध्ये फ्रेंच रसायनतज्ज्ञ गोब्ले यांनी शेंगेतून शुद्ध व्हॅनिलिन वेगळे केले. १८७४ मध्ये जर्मनीतील टीमान आणि हारमान यांनी पाइन जातीच्या झाडांतील द्रव्यापासून ते प्रयोगशाळेत बनवले. आज जगातील बहुतांश व्हॅनिलिन खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून तयार होते. काही लाकडातील लिग्निनपासून, तर काही लवंगेच्या तेलातील द्रव्यापासूनही करतात. अत्तरकलेने हा कृत्रिम गोडवा लवकरच आपलासा केला. पॅरिसच्या गेर्लां या घराण्याने १८८९ मध्ये काढलेल्या 'जिकी'मध्ये तो होता. त्याच घराण्याच्या, १९२५ पासून जगप्रसिद्ध झालेल्या 'शालिमार'मध्ये व्हॅनिलिनहून तीव्र असे एथिल व्हॅनिलिन आहे; नाव मात्र मोगलांच्या शालिमार बागेवरून घेतलेले. खाण्याच्या गोड पदार्थांसारखे वास अंगाला लावण्याची आजची लाट १९९२ मधील 'एंजल' या सुगंधाने आली. जत्रेत मिळणाऱ्या 'म्हातारीच्या केसां'चा जो जळत्या साखरेसारखा वास, तोच त्यात आणलेला होता. आईचा पहिला प्रश्न, "अंगाला खाण्याचा वास कशाला?", त्या काळी पॅरिसमध्येही अनेकांनी विचारला असेल.

वेष्टनावरचे बारीक शब्द

आईचा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा होता. अहिंसेचा संस्कार असलेल्या घरात ताटातील पदार्थ निरखून घेतला जातो. अंगाला लावायची वस्तू मात्र बरेचदा न पाहताच घेतली जाते.

सुगंधाच्या इतिहासात प्राण्यांचे दुःख मोठे आहे. कस्तुरीसाठी हिमालयातील कस्तुरीमृगाची हत्या होत आली. कांडेचोराच्या जातीच्या प्राण्यांना पिंजऱ्यात कोंडून त्यांच्या ग्रंथींतून सिव्हेट नावाचे द्रव्य खरवडून काढले जाई. बीव्हर या पाणथळ प्राण्याच्या ग्रंथींतील कॅस्टोरियम चामड्यासारख्या व व्हॅनिलासारख्या छटांसाठी वापरले गेले. अंबर हे स्पर्म व्हेल या देवमाशाच्या आतड्यात बनते. भारतात त्याचा व्यापार कायद्याने निषिद्ध आहे. आज बहुतेक कंपन्या या सर्वांऐवजी प्रयोगशाळेत तयार केलेली द्रव्ये वापरतात. कृत्रिम कस्तुरी तर १८८८ पासून उपलब्ध आहे. म्हणून वर्णनात 'मस्क' हा शब्द दिसला तर तो प्राणिजन्यच असेल असे नाही. पण तो नसेलच, असे गृहीत धरणेही योग्य नव्हे. मेणाचा आणि मधाचा अर्क काही गोड सुगंधांत आजही घालतात.

येथे दोन शब्दांतील फरक लक्षात ठेवावा. 'क्रुएल्टी-फ्री' याचा अर्थ त्या वस्तूची चाचणी प्राण्यांवर केलेली नाही. 'व्हीगन' याचा अर्थ तिच्यात प्राणिजन्य घटक नाही. एक असले म्हणजे दुसरे असतेच असे नाही. भारताने सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरील चाचण्यांना २०१४ मध्ये बंदी केली आणि अशा रीतीने चाचणी केलेल्या मालाची आयातही त्याच वर्षी थांबवली. युरोपीय संघाची पूर्ण बंदी २०१३ पासून आहे.

फवाऱ्याच्या सुगंधात सर्वाधिक भाग असतो तो पिण्यास अयोग्य केलेल्या अल्कोहोलचा. ते चटकन उडून जाते आणि सुगंध त्वचेवर ठेवते. काही घरांना ते बाह्य उपयोगासाठी चालते, काहींना नको असते. ज्यांना नको असेल त्यांनी तेलात मुरवलेले सुगंध पाहावेत. कनौजची पारंपरिक अत्तरे देग-भपक्याने ऊर्ध्वपातन करून चंदनाच्या तेलात उतरवतात, त्यांत अल्कोहोल नसते. मात्र व्हॅनिलाचा सुगंध वाफेबरोबर नीट उतरत नाही. तो द्रावकानेच काढावा लागतो. स्वयंपाकघरासाठीही एक सूचना येथेच द्यावीशी आहे. अमेरिकेत 'व्हॅनिला एक्स्ट्रॅक्ट' म्हणून विकल्या जाणाऱ्या अर्कात नियमानुसार किमान ३५ टक्के अल्कोहोल असते. ते टाळायचे असल्यास शेंगेतील बिया किंवा ग्लिसरिनमधील व्हॅनिला वापरता येतो.

एडिसनच्या लेकीने त्या सुगंधाच्या कंपनीला पत्र लिहून विचारले. दोन दिवसांत उत्तर आले : प्राणिजन्य घटक नाही, कस्तुरी कृत्रिम आहे. आईने ते उत्तर दोनदा वाचून घेतले आणि म्हणाली, "विचारल्यावर सांगतात की. मग विचारत का नाही कुणी?"

पारख नाकाची आणि काळाची

सुगंध पहिल्या फवाऱ्यावर पारखू नये, हे त्या कुपीने दोघींना शिकवले. फवारा मारताक्षणी अल्कोहोलची झणझण आणि लिंबू-संत्र्यासारखी छटा आली. पाव तासात ती विरली. मग काही फुलांचे वास आले. व्हॅनिला खरा उमलला तो दोन तासांनी. व्हॅनिलिन हे जड आणि सावकाश उडणारे द्रव्य. म्हणून सुगंधाच्या रचनेत त्याची जागा तळाशी असते आणि ते सर्वांत शेवटपर्यंत टिकते. दुपारी "केकच्या दुकानात बसल्यासारखं वाटतंय" म्हणणारी आई रात्री लेकीच्या मनगटाशी वाकून म्हणाली, "आता बरा लागतोय."

नमुना वापरताना एका दिवशी एकच सुगंध, एकाच मनगटावर घ्यावा. मनगटे एकमेकांवर घासू नयेत. कागदाच्या पट्टीवरचा वास आणि त्वचेवरचा वास भिन्न असतो. उन्हात आणि थंडीतही तो बदलतो. थंडीत उबदार वाटणारा व्हॅनिला दमट उकाड्यात जड होतो. आणखी एक गोष्ट आईच्याच ध्यानात आली. आठवडाभराने तिच्या पांढऱ्या ओढणीवर, जिथे लेकीने कौतुकाने फवारा मारला होता तिथे, पिवळसर डाग उमटला. व्हॅनिलिन हवेने व उजेडाने तपकिरी होत जाते. व्हॅनिलाप्रधान सुगंध बाटलीतही गडद होतात. पूजेच्या शुभ्र वस्त्रांपासून असे सुगंध दूरच ठेवावेत.

दुसऱ्या आठवड्यात लेकीला वाटू लागले, की कुपीतला वास फिका पडत चालला आहे. एका फवाऱ्याचे तीन झाले. "अगं, तू जिन्यात असतानाच कळतं मला, की तू आलीस," आई म्हणाली. वास फिका झालेला नव्हता. लेकीचे नाक त्याला सरावले होते. सतत येणाऱ्या गंधाची दखल घेणे नाक थांबवते. लावणाऱ्याला जाणवेनासा झालेला वास शेजारच्याला असह्य होऊ शकतो आणि अर्धशिशी किंवा दमा असणाऱ्यास तो खरोखरच त्रास देतो.

त्याच रविवारी मंदिरात स्वाध्यायाच्या वेळी शेजारी बसलेल्या एका वृद्ध बाई काही न बोलता उठल्या आणि मागच्या रांगेत जाऊन बसल्या. लेकीने ते पाहिले. घरी येताना गाडीत कोणीच बोलले नाही.

बारा कुप्यांचे गणित

नमुन्याची कुपी तशी काटकसरीची वस्तू आहे. १०० मिलीलिटरची बाटली आवेगाने घेऊन ती कपाटात वर्षानुवर्षे पडून राहण्यापेक्षा ८ मिलीलिटर वापरून निर्णय करणे शहाणपणाचे. पण वर्गणीचा स्वभाव वेगळा. ती संपत नाही. कुपी संपो वा न संपो, पुढचे खोके येतेच. दरमहा ८ मिलीलिटर म्हणजे वर्षाला ९६ मिलीलिटर. मोठी बाटली टाळण्यासाठी घेतलेल्या नमुन्यांची वर्षअखेर मोठी बाटलीच होते, तीही बारा काचांत, बारा खोक्यांत विभागलेली. लेकीच्या खणात आधीच्या पाच कुप्या अर्ध्या भरलेल्या निघाल्या.

आईने त्या ओळीने मांडल्या. तिने उपदेश केला नाही. सांगलीत दरवर्षी चातुर्मासाच्या आरंभी ती एका वहीत लिहून ठेवते : इतक्या साड्या, इतके पदार्थ, इतकी फुले. भोगोपभोगांचे परिमाण ठरवण्याची ही घरगुती रीत तिने तिच्या सासूबाईंकडून घेतली होती. अन्न, फुले, सुगंध ही एकदाच उपभोगून संपणारी, म्हणून भोगाच्या वस्तू. वस्त्रे-दागिने पुन:पुन्हा वापरायचे, म्हणून उपभोगाच्या. "सोडायचं नसतं सगळं," ती एवढेच म्हणाली. "किती ते आपण ठरवायचं. खोक्यानं नाही."

प्रवचनांतून कमळात अडकलेल्या भ्रमराचा दृष्टांत सर्वांनी ऐकलेला असतो. संध्याकाळ होते, पाकळ्या मिटतात, लाकूड पोखरू शकणारा भ्रमर सुगंधाच्या मोहाने कोमल पाकळी मात्र ओलांडत नाही. त्यात कमळाचा दोष कोठेच सांगितलेला नाही. अष्टद्रव्यांत जलानंतर लगेच गंधाचे स्थान आहे. गंध त्याज्य मानला असता तर ते तसे नसते. दृष्टांत आहे तो वेळेवर उठून न येण्याचा.

लेकीने वर्गणी त्या रात्री थांबवली, रद्द केली नाही. उरलेल्या कुप्या संपेपर्यंत नवी मागवायची नाही, कार्यालयात जाताना एकच फवारा, मंदिरात जाताना तोही नाही, असे तिने ठरवले. भाद्रपदात दशलक्षण पर्व आले. दहा दिवस कुपी खणात राहिली. पहिले तीन दिवस हात सवयीने खणाकडे जाई, असे तिने नंतर आईला सांगितले.

क्षमावाणीच्या दिवशी मंदिरात सगळे परस्परांना हात जोडत होते. लेक त्या वृद्ध बाईंपुढे जाऊन उभी राहिली. "काकू, त्या दिवशी माझ्यामुळे तुम्हाला उठावं लागलं. क्षमा करा."

बाईंना आधी आठवेना. मग त्यांनी तिचे हात धरले. "अगं, वास चांगला होता. मला दम्याचा त्रास आहे, म्हणून उठले. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही; मीही क्षमा मागते." आणि मग जरा हसून त्यांनी विचारले, "कशाचा होता गं तो? आमच्याकडे पूर्वी मुलांसाठी कस्टर्ड करायचो, तसा काहीसा वाटला."

मागे उभ्या असलेल्या आईने लेकीकडे पाहिले. त्या दिवसापासून काकू पुन्हा पहिल्या रांगेत, लेकीच्या शेजारी बसू लागल्या.